सायकल स्टँड आणि सायकल स्थानक

रेल्वे स्थानकाबाहेर सायकली ठेवण्याची सोय झाली, एवढ्याने नेमके काय झाले ते कळत नाही. जमिनीत रोवलेली लोखंडी चौकटींची रांग हीसुद्धा सोयच, आणि छप्पर, राखणदार, दुरुस्तीचे दुकान व भाड्याच्या सायकली असलेली इमारत हीसुद्धा सोयच. मराठीत दोन्हींना आपण सर्रास ‘सायकल स्टँड’ म्हणतो. इथे पहिल्या प्रकाराला स्टँड आणि दुसऱ्याला सायकल स्थानक म्हटले आहे, कारण स्थानकाभोवतीचा ओस पडलेला परिसर पुन्हा नांदता करायचा असेल, तर या दोहोंतला फरकच महत्त्वाचा ठरतो.

स्टँडचे काम मर्यादित असते: सायकल उभी राहावी आणि तिला कुलूप लावता यावे. तेवढेही पुष्कळदा धड होत नाही. केवळ पुढचे चाक अडकवण्याची खाच असली, की कुलूप चाकालाच लागते. कुणाचा धक्का लागून सायकल कलंडली तर रिम वाकते, आणि चोर चाक तिथेच सोडून बाकीची सायकल घेऊन जाऊ शकतो. उलट्या ‘यू’ आकाराच्या दांड्याला मात्र सांगाडा आणि चाक दोन्ही एकत्र बांधता येतात. चाक नसलेला एखादा सांगाडा महिनोन् महिने गंजत पडला, की या जागेकडे कुणाचे लक्ष नाही, हे येणाऱ्याजाणाऱ्याला न सांगता समजते. मग चांगली सायकल तिथे कोण ठेवील?

हा विश्वासाचा प्रश्न आहे, आणि परिसराचे गणित त्यावरच उभे आहे. दहा मिनिटांत माणूस साधारण 800 मीटर चालतो. सायकलवर तेवढ्याच वेळात सुमारे अडीच किलोमीटर जातो. अंतर तिपटीहून थोडे अधिक वाढले, की स्थानकाच्या आवाक्यात येणारे क्षेत्र जवळजवळ दहापट होते. दूरच्या वस्तीतल्या माणसाला नोकरी, महाविद्यालय, रुग्णालय अशा रीतीने जवळ येते; पण संध्याकाळी परतल्यावर सायकल जागेवर असेल याची खात्री असेल तरच.

सायकल स्थानक ही खात्री माणसांच्या बळावर देते. जर्मनीतल्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफेलिया राज्याने 1995 मध्ये शंभर सायकल स्थानकांचा कार्यक्रम हाती घेतला. म्युन्स्टर शहराच्या मुख्य स्थानकासमोर 1999 मध्ये उघडलेल्या भूमिगत केंद्रात 3,300 सायकलींची जागा, दुरुस्ती, भाड्याच्या सायकली आणि सायकल धुण्याचे यंत्रसुद्धा आहे. मला यातली सर्वांत मोलाची बाब वेगळीच वाटते: जर्मनीतली अशी अनेक केंद्रे सामाजिक संस्थांनी चालवली आणि दीर्घकाळ बेकार असलेल्यांना तिथे राखणीचे व दुरुस्तीचे काम दिले. ब्रेकची तार बदलायला शिकणारा माणूस दिवसभर दारात असला, की त्या दाराबाहेरचा रस्ताही निर्जन राहत नाही. स्टँडकडून ही अपेक्षा करणे म्हणजे खांबाकडून शेजाऱ्याची अपेक्षा करणे होय.

मात्र आकार मोठा म्हणजे सायकल स्थानक, असे समजू नये. टोकियोतल्या कसाई स्थानकाच्या भूमिगत पार्किंगमध्ये 36 यंत्रचलित विहिरी असून प्रत्येकीत 180 सायकली मावतात. तिथले यंत्र काही सेकंदांत सायकल आणून देते. पदपथ मोकळा करण्याचे काम ते उत्तम करते, परंतु परिसरात रोजगार आणि राबता निर्माण करणे हे यंत्राचे काम नव्हे.

नेदरलँड्समधल्या उत्रेख्त स्थानकाखाली 12,500 सायकलींचे पार्किंग 2019 मध्ये पूर्ण झाले. तिथे सायकल चालवतच आत जाता येते, कोणत्या रांगेत जागा रिकामी आहे ते फलकावर दिसते आणि पहिले 24 तास पैसे पडत नाहीत. सायकली खाली गेल्यामुळे वरचा चौक चालणाऱ्यांना मिळाला. पण तिथून थेट फलाटांकडे जाता येते. प्रवाशाला हे सोयीचेच आहे; मात्र जिथे समोरची बंद पडत चाललेली दुकाने सावरायची आहेत, तिथे पायऱ्या फलाटाकडे उघडतात की दुकानांच्या रस्त्याकडे, हे नकाशा मंजूर होण्यापूर्वीच ठरवावे लागते, कारण जमिनीखालचा दरवाजा पुढे हलवता येत नाही.