बावलो, खेळणं की मूर्ती?

सिनेमातल्या पात्राची फूटभर उंच प्रतिकृती, म्हणजे फिगर, ३०-३५ हजारांची घ्यायची आणि आठवड्याभरात डोकं बदलायला किंवा नव्याने रंगवायला हेअर ड्रायरने तिची मान शेकून ते उपसून काढायचं, हे घरातल्या मोठ्यांच्या पचनी पडत नाही. कुडाळला आमच्या घरी पार्सल आलं की आजी विचारते, "तुझो बावलो इलो?" बावलो म्हणजे बाहुला. पण हा शब्द बरोबर की चूक यावर अमेरिकेतल्या न्यायालयांत वर्षानुवर्षं खल झालाय.

१९६४ मध्ये तिथल्या एका खेळणी कंपनीने १२ इंची सैनिक बाजारात आणला. सांधे हलणारा, कपडे बदलता येणारा. वन-सिक्स्थ, म्हणजे सहा फुटी माणूस एका फुटात. हा बाहुलाच होता, पण मुलगे बाहुली घेणार नाहीत या धास्तीने कंपनीने ‘ॲक्शन फिगर’ हा नवा शब्द काढला. पुढे तेलटंचाईत प्लॅस्टिक महागलं, १२ इंची माप मागे पडलं, आणि १९७८ पासून एका अंतराळपटाच्या पावणेचार इंची फिगर घरोघरी गेल्या.

नावाचा हा खेळ जकातीने उघडा पाडला. आयात होणाऱ्या बाहुलीवर तेव्हा कर जास्त होता, इतर खेळण्यांवर कमी. कंपनी म्हणे हा सैनिक बाहुली नव्हेच. १९८९ मध्ये अपिलातही न्यायालयाने तो बाहुलीच ठरवला. मग दुसरी कंपनी कॉमिक्समधल्या म्युटंट, म्हणजे जन्मजात जनुकबदल झालेल्या, सुपरहिरोंच्या फिगर घेऊन न्यायालयात गेली. तिथल्या तेव्हाच्या नियमात बाहुली म्हणजे फक्त माणसाची प्रतिकृती. प्राणी, राक्षस, परग्रहवासी ही सगळी खेळणी. बाहुलीवर १२ टक्के कर होता, खेळण्यावर ६.८. म्हणून कंपनीने आपलेच नायक माणसं नाहीत असा दावा लावला, आणि २००३ मध्ये तो मान्य झाला. पंजे, शेपट्या, रंगीत कातडी असं एकेका फिगरचं अंग तपासून. वाचक खवळले, आणि त्यांचं बरोबरच होतं: हीसुद्धा माणसंच आहेत, हे त्या कॉमिक्सचं सगळं म्हणणं. पाच टक्क्यांसाठी निर्मात्यानेच ते खोडून काढलं. त्या निकालाचा विषय निघाला की मला अजून राग येतो.

आपल्याकडे हा वाद उद्भवतच नाही, कारण बाहुली आणि खेळणं जकातीच्या एकाच शीर्षकात बसतात. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूणही सक्तीची झाली. गंमत म्हणजे या महागड्या फिगरच्या पेटीवर ‘हे खेळणं नव्हे, प्रौढ संग्राहकांसाठी’ असं छापलेलं असतं. या भावात चेहरा फसलेली फिगर विकून दुसरी मागवणं कुणाला परवडणार? त्यापेक्षा नुसतं दुसरं डोकं मागवायचं, नाहीतर आहे तेच नव्याने रंगवायचं.

२००० नंतर हाँगकाँगच्या एका कंपनीच्या वन-सिक्स्थ फिगरमध्ये नटाचा चेहरा, त्वचेची रंध्रं, पुढे तर आतून फिरवता येणारी बुबुळंही आली. तेव्हापासून ‘हुबेहूब’ या शब्दाचा घोळ सुरू आहे. हुबेहूब कशासारखं? सेटवरचा कोट तपकिरी असतो, पडद्यावर रंगसंस्कार होऊन तो काळपट दिसतो, पोस्टरवर तिसराच. माझं मत पडद्याच्या बाजूने आहे, कारण आपण पाहिलं ते तेच. शिवाय कापडाचा धागा काही सहापट बारीक होत नाही. म्हणून जाड कोट काढून मलमलीचा शिवायचा, काठात बारीक तार घालायची, चहाच्या पाण्यात बुडवून जुना करायचा, कोरड्या खडूची पूड चोळून वर मॅट, म्हणजे बिनचमकीचं, वार्निश मारायचं.

डोळ्यांसाठी मात्र कोकणी माणसाला लांब जावं लागत नाही. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी वेगळ्याच हातांकडे असते. बाकी रंगकाम शिकाऊ पोरं करतात, बुबुळ त्यांना देत नाहीत. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं-भाज्या रंगवणारेही तोच संयम बाळगतात. फिगरच्या डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका दोन्ही बुबुळांत एकाच बाजूला हवा, बुबुळाची वरची कड पापणीखाली गेली पाहिजे, आणि शेवटी फक्त डोळ्यावर ग्लॉस, म्हणजे चकचकीत वार्निश. गालावर ग्लॉस गेला की चेहरा घामेजलेला दिसतो.

मोठा शत्रू पाऊस. कृत्रिम चामड्याचं जाकीट आमच्या दमट हवेत तीन-चार वर्षांत सोलपटतं; पॉलियुरेथेन ओलाव्याने विघटित होतं, सिलिका जेलच्या पुड्या ते थोडं लांबवतात इतकंच. रंगाचंही तसंच. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकवर एनॅमल, म्हणजे तेलरंग, कधी नीट सुकत नाही, प्लॅस्टिकमधलं मऊ करणारं द्रव्य रंगात उतरतं. ॲक्रिलिकचे पातळ थर द्यायचे हे मला उशिरा कळलं. माझं पहिलं डोकं एनॅमलचं. ते अजून कपाटात आहे, आणि गालावर टिश्यू पेपरचा धागा कायमचा चिकटलाय.