लाल नकाशा, रिकामे प्लॉट आणि फिलाडेल्फियातल्या गोळ्या

अमेरिकेत २०२१ साली बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसे मेली. निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या, उरलेले बहुतेक खून. मोठ्या शहरांतले हे खून नकाशावर मांडले की ते शहरभर विखुरलेले दिसत नाहीत. त्याच त्या वस्त्या, त्यांतही त्याच त्या गल्ल्या, आणि मरणाऱ्यांत कृष्णवर्णीय तरुण सर्वाधिक. यावर तिकडे एक ठरलेले उत्तर असते, आणि शिकायला गेलेल्या आपल्या मुलांच्या कानावरही ते लवकरच पडते: त्या भागात जाऊ नकोस, तिथली माणसंच तशी आहेत.

माणसेच तशी आहेत की जागा तशी करून ठेवली आहे, यावर भाषणे पुष्कळ झाली. फिलाडेल्फियात काही संशोधकांनी मात्र या प्रश्नाचा एक तुकडा उचलून त्याच्यावर सरळ प्रयोग केला.

हे शहर या प्रश्नाला नवखे नाही. १८९६ साली डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस हे तरुण समाजशास्त्रज्ञ तिथल्या सातव्या वॉर्डात राहायला आले. घरोघर फिरून त्यांनी हजारो कृष्णवर्णीय रहिवाशांची माहिती गोळा केली. काम काय करता, भाडे किती भरता, घरात माणसे किती. गुन्हेगारी रक्तातून येते असे मानण्याचा तो काळ. द्युबॉइस यांनी आकड्यांनिशी दाखवले की चांगल्या नोकऱ्यांचे दरवाजे बंद, घरे कोंदट आणि तरी भाडे जास्त, या परिस्थितीचा गुन्हेगारीत मोठा वाटा आहे. (पुढे १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी याच द्युबॉइसना पत्र लिहून अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे हे कळवले होते.)

द्युबॉइसनंतर चाळीसेक वर्षांनी सरकारने स्वतःचा नकाशा काढला. महामंदीत लोकांची घरे जप्त होऊ लागली, तेव्हा १९३३ मध्ये ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ ही संस्था निघाली. कुठल्या भागात कर्ज देणे सुरक्षित आणि कुठे जोखमीचे, हे ठरवण्यासाठी तिने दोनशेहून अधिक शहरांचे रंगीत नकाशे तयार केले. उत्तम भाग हिरवा, त्याखालोखाल निळा, मग पिवळा, आणि ‘धोकादायक’ भाग लाल. प्रत्येक भागाचा एक छापील फॉर्म असे. त्यात घरांची डागडुजी, किमती, भाडे यांच्या जोडीला परदेशी जन्माचे किती आणि कृष्णवर्णीय किती, असे वेगळे रकाने होते. कृष्णवर्णीय वस्ती जवळपास हमखास लाल रंगात जाई. फिलाडेल्फियाचा असा नकाशा १९३७ चा आहे.

२०१८ मध्ये सारा जेकोबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नकाशावर २०१३-१४ मधल्या गोळीबारांची नोंद ठेवून पाहिली. नकाशा काढला त्या काळची लोकसंख्या आणि सामाजिक स्थिती हिशेबात धरूनही बंदुकीचे हल्ले सर्वाधिक होते ते जुन्या लाल भागांतच.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण लोकप्रिय लेखनात नेमकी इथेच घाई होते. लाल रंगामुळे गोळ्या चालल्या, असे यावरून सिद्ध होत नाही. आर्थिक इतिहासाच्या काही अभ्यासकांचे म्हणणे असे की या संस्थेने आधीच गांजलेल्या वस्त्यांना फक्त लाल रंग दिला. खरे नुकसान केले ते १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ‘फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन’ने. गृहकर्जांना सरकारी हमी देणारी ही संस्था आपल्या नियमावलीतच वर्णांची सरमिसळ घरांच्या किमतीला घातक मानत होती. मला हा युक्तिवाद बराचसा पटतो. पण त्याने दोष एका खात्यावरून उचलला जाऊन शेजारच्या खात्यावर जातो, इतकेच. कृष्णवर्णीय कुटुंबाला गृहकर्ज मिळू नये ही व्यवस्था सरकारी शिक्क्यानेच चालत होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल १९६८ मध्ये, घरांच्या व्यवहारातला भेदभाव बेकायदा ठरला. तोवर गोऱ्या कुटुंबांच्या एका पिढीने उपनगरांत हमीच्या कर्जावर घरे घेऊन, फेडून, मुलांच्या नावावरही करायला घेतली होती. व्यवस्थेत मुरलेला वर्णभेद म्हणतात तो हा. त्यात कोणी कोणाला शिवी द्यावी लागत नाही, फॉर्ममधला रकाना पुरतो.

कर्ज नाही म्हणजे डागडुजी नाही, खरेदीदार नाही. त्यातच गिरण्या आणि कारखाने बंद पडले. केन्सिंग्टन भागातली स्टेटसन टोप्यांची प्रसिद्ध फॅक्टरी १९७१ मध्ये थांबली. १९५० साली वीस लाखांवर असलेली फिलाडेल्फियाची वस्ती २००० साली पंधरा लाखांवर आली. माणसे गेली, घरे कोसळली किंवा पाडली गेली, आणि सलग चाळींसारख्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगांत पडक्या दातांसारख्या फटी तयार झाल्या. असे सुमारे ४०,००० रिकामे प्लॉट. कमरेएवढे तण, फुटक्या गाद्या, जुने टायर, रात्री ट्रकने आणून ओतलेला राडारोडा.

चार्ल्स ब्रानास आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला तो या प्लॉटांवर. त्यांनी ५४१ प्लॉट निवडले आणि औषधाच्या चाचणीत रोग्यांचे गट पाडतात तसे चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे तीन गट पाडले. एका गटात पूर्ण सुधारणा, दुसऱ्यात फक्त साफसफाई, तिसऱ्यात काहीच नाही. पूर्ण सुधारणा हा शब्दही भारदस्तच वाटावा इतके काम साधे होते. कचरा उचलायचा, जमीन सपाट करायची, गवत पेरायचे, चार झाडे लावायची आणि भोवती बुटके लाकडी कुंपण घालायचे. हे कुंपण मला सर्वांत हुशारीचे वाटते. खांबांना आडव्या लाकडी दांड्या, मध्ये ये-जा करायला मोकळी वाट. पोरे खेळायला आत जाऊ शकतात, म्हातारी माणसे खुर्ची टाकून बसू शकतात, राडारोड्याचा ट्रक मात्र आत घेता येत नाही. एका प्लॉटचा खर्च सुमारे १,६०० डॉलर, आणि नंतर गवत कापायला वर्षाला १८० च्या आसपास.

सुधारणेआधीची आणि नंतरची सुमारे दीड-दीड वर्षे पोलिसांच्या नोंदी तपासल्या गेल्या. दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत सुधारलेल्या प्लॉटांभोवती बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी कमी झाली, घरफोड्या जवळपास २२ टक्क्यांनी. आसपासच्या रहिवाशांच्या मुलाखतीही झाल्या. बाहेर पडताना वाटणारी असुरक्षितता निम्म्याहून अधिक घटली होती, आणि घराबाहेर बसून गप्पा मारणे ७६ टक्क्यांनी वाढले होते. गुन्हे नुसते शेजारच्या गल्लीत सरकले का, हेही पाहिले गेले. तसे दिसले नाही.

वस्तीत माणसे तीच, त्यांचा वर्ण तोच, गरिबी तीच. बदलले ते फक्त गवत आणि कुंपण. ‘माणसेच तशी’ म्हणणाऱ्याने या आकड्याचे काय करायचे?

गवताने गोळी कशी थांबते याचे पहिले उत्तर अगदी व्यवहारी आहे. बेकायदा पिस्तूल अंगावर बाळगले तर पोलिसांच्या झडतीत सापडते, म्हणून ते तणात, टायरात, पडक्या घरात दडवतात आणि भांडण पेटले की धावत जाऊन काढतात. कापलेल्या गवतात लपवायला जागाच नसते. दुसरे कारण माणसांचे. शिकागोत रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ लोकांशी बोलून १९९७ मध्ये दाखवले होते की जिथे शेजारी एकमेकांवर भरवसा ठेवतात आणि कोपऱ्यावर पोरांनी दंगा केला तर हटकतात, तिथे, गरिबी हिशेबात धरूनही, हिंसा कमी असते. पण हटकायला आधी पायऱ्यांवर येऊन बसावे लागते, आणि समोर उकिरडा असेल तर कोण बसणार?

शिकागोचीच आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळे अख्ख्या वस्तीला गुन्हेगार ठरवण्याची हवा जाते. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू पापाख्रिस्टोस यांनी एकत्र पकडल्या गेलेल्यांची जाळी आखली. गोळी लागून वाचलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के जखमी ज्या जाळ्यांत होते, त्यांत शहराची सहा टक्क्यांहून कमी लोकसंख्या होती. बाकीची वस्ती या जाळ्यांच्या बाहेर राहून फक्त गोळ्यांचे आवाज ऐकते.

प्लॉटांच्या प्रयोगाचे श्रेय ताणू नये हे मात्र खरे. फिलाडेल्फियात २०२१ मध्ये ५६२ खून झाले, २०२४ मध्ये २६९. हे गवताने झाले असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. करोनाच्या काळात देशभर खून वाढले आणि नंतर देशभर उतरले. पडक्या घरांना दारे-खिडक्या बसवण्याच्या अशाच पुढच्या चाचणीत परिणाम दिसला, पण आकडा बराच लहान होता. आणि गवताने आजोबांना नाकारलेले कर्ज परत मिळत नाही.

असे प्रयोग इतके थोडे का, याला राजकीय कारण आहे. १९९६ मध्ये अमेरिकी संसदेने रोगनियंत्रण संस्थेला बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार करण्यासाठी पैसा वापरायला मनाई केली आणि जेवढा पैसा बंदुकीच्या संशोधनावर जाई तेवढाच तिच्या अंदाजपत्रकातून कापला. इशारा सगळ्यांना समजला. या विषयाला वेगळा निधी परत मिळायला २०२० चे अर्थसंकल्पीय वर्ष उजाडावे लागले, तेही अडीच कोटी डॉलर, दोन संस्थांत वाटून.

फिलाडेल्फियात प्लॉट राखण्याचे काम पेनसिल्व्हेनिया हॉर्टिकल्चरल सोसायटी पाहते, आणि गवत कापणाऱ्यांत त्याच वस्त्यांतली, काही तर तुरुंगातून सुटून आलेली माणसे असतात. या रोजगाराचा हिंसेवर वेगळा परिणाम किती, हे प्लॉटांच्या चाचणीतून सांगता येत नाही. पण शिकागोत सारा हेलर यांनी नेमके तेच मोजले. हिंसाग्रस्त भागांतल्या १३ शाळांच्या १,६३४ मुलांमधून चिठ्ठ्या टाकून काहींना उन्हाळ्यात आठ आठवड्यांचे किमान वेतनाचे काम दिले. पुढच्या सोळा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांसाठी त्यांना झालेली अटक इतरांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी होती, आणि यातली बरीचशी घट काम संपल्यानंतरची होती. म्हणजे मुले कामात गुंतली म्हणून रस्त्यावर नव्हती, हे स्पष्टीकरण पुरत नाही. आठ आठवड्यांत त्यांच्यात नेमके काय बदलले, याचा शोध अजून चालू आहे.