विज्ञानातला 'आज' १९५० सालीच थांबलाय

दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन पुण्यातल्या एका संग्रहालयात गेलो होतो. ताम्रपाषाण युगाच्या दालनात काचेखाली जळून काळे पडलेले जवाचे दाणे मांडले होते. खाली पाटी होती, 'सुमारे ३,००० बी.पी.'. बी.पी. म्हणजे 'बिफोर प्रेझेंट', आजच्या आधी इतकी वर्षं, असं मी तिला सांगितलं. तिने त्या पिवळ्या पडलेल्या कागदाकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "मामा, ही पाटीच किती जुनी आहे! मग दाणे आता आणखी जुने झाले असतील ना? पाट्या दरवर्षी बदलतात का?"

नाही बदलत. कारण बी.पी.मधला 'आज' पुढे सरकतच नाही. जगभरच्या शास्त्रज्ञांनी तो १९५० या सालाला बांधून टाकला आहे.

आधुनिक कोणाला म्हणायचं, यावर इतिहासकारांचं एकमत होणं अवघड. कोणी छापखान्यापासून मोजतं, कोणी वाफेच्या इंजिनापासून, महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर १८१८ साली पेशवाई बुडाली तिथपासून. शिवाय बोलताना आपण 'आधुनिक' म्हणजे पुढारलेलं असाच अर्थ घेतो. जुन्या वस्तूंचं वय मोजणाऱ्या कार्बन-१४च्या प्रयोगशाळेत मात्र याच शब्दाला काटेकोर अर्थ आहे, आणि तो कसा ठरला हे मला फार आवडतं.

अंतराळातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळतात आणि त्यातून न्यूट्रॉन सुटतात. असा न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणूत शिरला की एक प्रोटॉन बाहेर पडतो आणि तयार होतो कार्बन-१४, म्हणजे कार्बनचाच किरणोत्सारी प्रकार. तो ऑक्सिजनशी जुळून कार्बन डायऑक्साइड होतो. ती हवा जवाचं रोप घेतं आणि दाणा भरतो. प्रमाण अगदी नगण्य असतं, साध्या कार्बनच्या सुमारे एक लाख कोटी अणूंमागे कार्बन-१४चा एक अणू. कापणी झाली की नवा पुरवठा बंद होतो, आणि आत असलेला कार्बन-१४ सावकाश क्षय पावत राहतो. ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. त्या काचेखालच्या दाण्यांत मूळच्या १०० अणूंपैकी ७०च्या आसपास उरले असणार. शिकागोत विलर्ड लिबी यांनी हे घड्याळ शोधलं, १९४९ साली त्यावरून काढलेली पहिली वयं प्रसिद्ध झाली, आणि १९६० साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता खरी मेख. '७० उरले' हे कळायला मूळचे १०० म्हणजे किती, ते माहीत हवं. सोपं वाटतं ना? आज उगवलेलं रोप घ्यायचं आणि मोजायचं. पण तसं चालत नाही. दगडी कोळसा कोट्यवधी वर्षं जुना असतो, त्यातला कार्बन-१४ केव्हाच संपलेला. गिरण्या आणि आगगाड्यांनी तो जाळला, तशी हवा अशा 'मेलेल्या' कार्बनने पातळ होत गेली. हान्स झ्यूस यांनी १९५०च्या दशकात हे दाखवून दिलं. त्यामुळे मापासाठी कारखान्यांचा धूर फारसा न लागलेलं, १८९० सालचं लाकूड धरलं, आणि ते १९५०पर्यंत जितकं क्षय पावलं असतं तितकी दुरुस्ती केली. प्रत्येक प्रयोगशाळेला १८९०चं लाकूड कुठून मिळणार? म्हणून अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने १९५५च्या पिकातल्या साखरबीटापासून ऑक्झॅलिक आम्ल तयार करून वाटलं. त्याच्या किरणोत्साराचे ९५ टक्के म्हणजे १८९०च्या त्या दुरुस्त लाकडाइतका किरणोत्सार. या मापाला म्हणतात 'आधुनिक कार्बन'. म्हणजे आधुनिकतेचं माप १८९०च्या लाकडाचं, तारीख १९५०ची आणि नमुना १९५५च्या बीटाचा! हे वाचताना डोकं गरगरलं तर पुन्हा एकदा सावकाश वाचा, मलाही पहिल्यांदा दोनदा वाचावं लागलं होतं.

इथे एक सांगितलंच पाहिजे. 'कार्बन डेटिंगने सिद्ध झालं, ही पाषाणमूर्ती दहा हजार वर्षांपूर्वीची' असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरतात. पाषाण कधी जिवंत नव्हता. छिन्नी त्यावर कधी चालली, हे कार्बन-१४ सांगूच शकत नाही. असा मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं तरी विचारा, तपासलं काय? लाकूड, हाड, धान्य की कोळसा?

१९५० सालाच्या मागोमाग घड्याळच बिघडलं. १ नोव्हेंबर १९५२ रोजी प्रशांत महासागरात एनेवेटाक इथे अमेरिकेने हायड्रोजन बाँबची पहिली मोठी चाचणी केली. पुढच्या दहा वर्षांत अमेरिका आणि सोव्हिएत संघाने हवेत स्फोटांमागून स्फोट केले. बाँबमधून सुटलेल्या न्यूट्रॉननी वैश्विक किरणांसारखंच काम केलं, नायट्रोजनचा कार्बन-१४ केला. १९६३ साली हवेतल्या चाचण्या थांबवण्याचा करार झाला, तोवर उत्तर गोलार्धाच्या हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला होता.

माझी आई १९५८ची. तिच्या बऱ्याचशा दातांचं वरचं कवच साठच्या दशकाच्या पहिल्या वर्षांत घडलं. ते कवच एकदा बनलं की पुन्हा बदलत नाही. म्हणजे कोकणातल्या भाताबरोबर तिने जो कार्बन खाल्ला, त्यात दूरच्या बेटांवरच्या स्फोटांचाही वाटा होता, आणि तो आजही तिच्या दातांत आहे. अशा कवचावरून अनोळखी मृतदेहाचं जन्मसाल साधारण दीड-दोन वर्षांच्या फरकाने काढता येतं. हस्तिदंत बंदीआधीचा आहे की परवाच मारलेल्या हत्तीचा, हेही त्यावरूनच कळतं. प्रयोगशाळेच्या अहवालात 'आधुनिक' असा शेरा आला, तर त्याचा अर्थ एवढाच की नमुना १९५०नंतरचा आहे आणि जुनं घड्याळ इथे लागू नाही.

त्याच १९५२ सालापासून 'मानवयुग', म्हणजे माणसाचा ठसा उमटलेला नवा भूशास्त्रीय काळ, सुरू झालं असं जाहीर करावं, असा प्रस्ताव भूवैज्ञानिकांपुढे होता. कॅनडातल्या क्रॉफर्ड तलावाच्या तळाशी गाळाचे वर्षावर्षाचे थर आहेत, त्यात बाँबमधलं प्लुटोनियम स्पष्ट दिसतं. मार्च २०२४मध्ये मतदानात प्रस्ताव पडला. अधिकृतपणे आपण अजून 'मेघालयन' काळातच आहोत. तो सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झाला, आणि त्याची खूण चेरापुंजीजवळच्या मॉम्लूह गुहेतल्या चुनखडीच्या एका खांबात आहे. मला तो निकाल पटला. माणसाने पृथ्वी बदलायला १९५२ची वाट पाहिलेली नाही. काचेखालचे ते जव कोणीतरी रान मोडून पेरले होते.

बाँबचा कार्बन-१४ पुढे समुद्रात आणि झाडांत मुरत गेला, वर आपला धूर हवा पातळ करतच राहिला. उत्तर गोलार्धाची हवा आता पुन्हा १९५०च्या पातळीला आली आहे, आणि घसरण थांबलेली नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या हेदर ग्रेव्हन यांनी २०१५ साली हिशोब मांडला. कोळसा आणि तेल याच वेगाने जळत राहिलं, तर २०५० साली नव्या कापसाच्या सदऱ्याचं कार्बन-वय हजार वर्षं जुन्या कापडाइतकं भरेल. भाची तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर असेल. तिने दुकानातून आणलेला कोरा सदरा प्रयोगशाळेत दिला, तर यंत्र सांगेल, हा कापूस अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहत होतं तेव्हाचा आहे.