गड्ड्याआधी गिझर उघडून बघा

सोलापूर म्हटलं की सगळ्यांना उन्हाळाच आठवतो, पण पौषातली, संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांतली पहाटही इथे चांगलीच बोचते. मार्चपासून बंद पडलेला गॅस गिझर मग एकदम आठवतो. यंदा मी आमच्या गिझरची ज्योत समोरच्या काचेतून निरखून पाहिली. निळ्या ज्योतीची टोकं पिवळी दिसत होती. मेकॅनिकने बर्नर काढला, तर हवा आत जायच्या भोकांवर राखाडी कापसाचा थर. शेजारी टॉवेलचे माग आहेत, तिथला बारीक तंतू उडून आठ महिने साठत राहिला होता. शिवाय वारा नको म्हणून गेल्या थंडीत व्हेंटिलेटरला लावलेला पुठ्ठा अजून तसाच!

‘गॅसचा वास येत नाही ना, मग कशाला घाबरायचं?’ हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी हा लेख लिहायला बसलो. सिलिंडरच्या गॅसला येणारा वास त्यात मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो, गळती कळावी म्हणून. ज्योतीत तो जळून जातो. बंद न्हाणीघरात जीव घेतो तो अर्धवट जळणातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला ना वास, ना रंग.

थोडा हिशोब करू. प्रोपेनच्या एका रेणूला पुरतं जळायला ऑक्सिजनचे ५ रेणू लागतात, ब्युटेनला साडेसहा. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर पंधरा मिनिटांत साधारण पाव किलो गॅस जळतो आणि त्याला सुमारे ३ घनमीटर हवा लागते. आता ४ बाय ६ फुटांचं, ८ फूट उंच न्हाणीघर घ्या. त्यात सगळी मिळून हवा साडेपाच घनमीटर. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आलेत, एकापाठोपाठ चार आंघोळी, दार बंद, खिडकीला पुठ्ठा. शेवटी आंघोळीला जाणाऱ्याच्या वाट्याला कसली हवा येते ते बघा.

पुढची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर लोहाच्या चार जागा असतात. फुप्फुसात ऑक्सिजन तिथे चढतो, मेंदूत, स्नायूंत उतरतो. कार्बन मोनॉक्साइड त्याच जागा धरतो, ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट. २१० पट धरा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणून फक्त ०.१ टक्का कार्बन मोनॉक्साइड त्याला बरोबरीत गाठतो. अशा हवेत माणूस पुरेसा वेळ राहिला, तर रक्तातल्या निम्म्या जागा गेल्या. जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १८९५ साली हा वायू स्वतः हुंगून आपलंच रक्त तपासलं होतं.

पण पंडुरोगाने हिमोग्लोबिन निम्म्यावर आलेली बाई घरकाम करते, बाजारात जाते. मग इथेच माणूस का कोसळतो? कारण या चार जागा एकमेकींशी बांधलेल्या आहेत. एकीवर कोणी बसलं की रेणूचा आकार बदलतो आणि बाकीच्यांची पकड वाढते. ऑक्सिजन उतरायला लागला की ती पुन्हा सैल होते. कार्बन मोनॉक्साइड मात्र सहजी उतरत नाही. रेणू घट्ट पकडीच्या आकारात अडकतो आणि उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही मेंदूत न उतरता बराचसा तसाच परत फिरतो.

शरीराला हे कळतही नाही. मानेतल्या धमनीपाशी असलेली ऑक्सिजनची पारख रक्तात नुसत्या विरघळलेल्या ऑक्सिजनवर चालते आणि तो तर जवळपास नेहमीइतकाच असतो. म्हणून त्या कमतरतेची धाप लागत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात आणि कडी काढायलाही हात उचलत नाही. करोनापासून घरोघरी असलेला ऑक्सिमीटरही इथे फसतो. हे रक्तही लालच असतं, त्यामुळे तो खुशाल ९८ दाखवतो.

आमचा पुठ्ठा त्याच दिवशी काढला. बर्नर आणि तांब्याच्या पत्र्यांमधली काजळी साफ करून घेतली, ज्योत पुन्हा निळी झाली. गिझर आता बाहेरच्या बोळात लावलाय, आत येतं फक्त गरम पाणी. आजीचा बंबही परसातच पेटायचा.

आणि कोणी न्हाणीघरात पडलंच, तर कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात, ‘बाहेरचं लागलं’ म्हणून दृष्ट काढण्यात एक मिनिटही घालवू नका. दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि थेट दवाखाना गाठा. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू जायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन मिळाला तर साधारण सव्वा-दीड तास. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: ‘आत गॅस गिझर चालू होता.’ नाहीतर फिट की हार्ट अटॅक, हे शोधण्यातच तो वेळ निघून जातो.