टिफनी म्हणून मिरवणारी कार्निव्हल काच

मोरपिसासारखे रंग बदलणारा काचेचा वाडगा दिसला की लगेच कुणीतरी म्हणतं, "टिफनी दिसतेय!" म्हणजे अमेरिकन कलाकार टिफनीच्या भट्टीतली, हाताने घडवलेली काच. बहुतेक वेळा ती कार्निव्हल काच निघते, म्हणजे साच्यात दाबून काढलेली. चूक क्षम्य आहे, कारण झळाळीची करामत दोन्हीकडे एकाच जातीची. तापलेल्या काचेवर कथिलाच्या किंवा लोखंडाच्या क्षारांचा फवारा मारला की धातूच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूने परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग उजळतात, काही विझतात. साबणाच्या फुग्यावर दिसतं तेच हे.

खरा फरक त्याआधीच पडलेला असतो. शतकानुशतकं मातीत पुरलेल्या रोमन काचेवर आपोआप चढलेल्या झळाळीने लुई कम्फर्ट टिफनी भारावला होता. 1894 मध्ये त्याने आपल्या काचेसाठी 'फॅव्रील' हे नाव नोंदवलं. न्यूयॉर्कमधल्या त्याच्या भट्टीत वेगवेगळ्या रंगांची काच वितळलेली असतानाच एकत्र आणत. तप्त गोळ्यावर दुसऱ्या रंगाचे धागे गुंडाळायचे, आकड्याने ओढून त्यांची पिसं करायची आणि नळीने फुंकून आकार द्यायचा. नक्षी काचेतच मुरलेली असते. वर हात फिरवला तर बोटांना बहुधा काही लागत नाही.

कार्निव्हलची नक्षी मात्र बोटांनी वाचता येते. वेस्ट व्हर्जिनियातल्या फेंटन कंपनीने 1907 च्या सुमारास ही काच आणली. वितळलेली काच लोखंडी साच्यात दाबायची, बाहेर काढून गरम असतानाच फवारायची. काठाच्या झालरी तेवढ्या कारागीर हाताने वळवत, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. 'कार्निव्हल' हे नाव कित्येक दशकांनंतरचं, जत्रेतल्या बक्षिसांवरून पडलेलं.

म्हणून आधी वस्तू उलटी करा. साच्याच्या जोडाची रेघ दिसली, तर कार्निव्हलची शक्यता दाट. नारिंगी झळाळीच्या 'मॅरिगोल्ड' वाडग्याचा तळ उजेडात धरा: खाली चक्क बिनरंगी काच असते. फुंकलेल्या काचेच्या तळाशी मधोमध, घडवताना काच धरून ठेवणारा दांडा तोडल्याची खूण सापडते, कधी ती घासून गुळगुळीत केलेली. कोरलेल्या 'एल. सी. टी.' या टिफनीच्या आद्याक्षरांवर मी तरी विसंबणार नाही. ती नंतर कुणीही कोरू शकतो.

एका ठिकाणी मात्र तळाची ही परीक्षाही पांगळी पडते. स्टूबेन या अमेरिकन काच कंपनीची 1904 ची झळाळती 'ऑरीन' काचही फुंकलेलीच, सोनेरी आणि निळी. टिफनीच्या कंपनीने त्यावरून खटलासुद्धा भरला होता.