बुटाची नळी आणि तिच्यातली सुरी

बूट नाइफ, म्हणजे बुटाच्या पोटरीवरच्या नळीत खोचून ठेवायची छोटी सुरी, घ्यायची ठरली की सगळी चर्चा पात्याभोवती फिरते. पोलाद कोणतं, धार एका बाजूला की दोन्हीकडे, मूठ लाकडी की रबरी. पायात काय घालणार, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. या सुरीचा इतिहास मात्र पायापासूनच सुरू होतो. पोटरी झाकणारे बूट जिथे रोजच्या वापरात होते तिथे ती बुटात राहिली. बूट आखूड झाले तसं तिला कमरेवर, मोज्यात नाहीतर अंगरख्यावर जागा शोधावी लागली.

सर्वांत जुना ठळक उल्लेख रशियाकडचा आहे. ११८५ मध्ये राजपुत्र इगोर पोलोव्त्सी या भटक्या टोळ्यांवर चालून गेला. त्या मोहिमेवरच्या जुन्या काव्यात ढालीविना, नुसत्या बुटातल्या सुऱ्या घेऊन आणि आरोळ्या ठोकून शत्रूची फौज मोडणारे योद्धे येतात. कवीला ही सुरी समजावून सांगावी लागत नाही, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या ती चांगली ओळखीची असणार. याचं कारण त्या बुटाच्या घडणीत आहे. तिकडचा बूट नाडीचा नव्हे, ओढून चढवायचा. पाय सहज आत जावा म्हणून नळी पोटरीपेक्षा सैल ठेवावी लागते, आणि तेवढ्या फटीत एक चपटं म्यान आरामात बसतं. घोड्यावर गुडघा वाकलेला असतो, त्यामुळे जरा खाली झुकलं की हात मुठीवर पडतो.

हा बूट रशियाने विसाव्या शतकातही सोडला नाही. दुसऱ्या महायुद्धात कातडं पुरेना, तेव्हा सुती कापडाच्या थरांवर रबराचा लेप देऊन केलेल्या किर्झाच्या नळ्या लाल सैन्याच्या पायात आल्या. साधा शिपाई त्या नळीत बहुधा आपला चमचा खोचायचा. जेवणाची हाक आली की चमचा हाताशी हवा, आणि पाठीवरची पिशवी हरवली तरी बूट पायातच राहतो. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. नळी हा शिपायाचा खिसा होता आणि सुरी त्या खिशातल्या वस्तूंपैकी एक.

आपल्याकडे ही परंपरा का रुजली नाही, याचंही उत्तर पायातच सापडतं. दख्खनच्या उन्हात आणि कोकणच्या चिखलात पोटरीपर्यंत कातडं चढवून कोण फिरणार? पायात वहाणा नाहीतर जोडे, आणि कट्यार कमरेच्या शेल्यात. कोकणात आजही माडाच्या नाहीतर काजूच्या बागेत जाणारा माणूस कोयती कमरेला बांधलेल्या आकडीत अडकवतो.

स्कॉटलंडमधला मार्ग तिसराच. तिथल्या पारंपरिक पोशाखात बूट आखूड आणि मोजे गुडघ्यापर्यंत, म्हणून स्किअन डू ही छोटी सुरी मोज्याच्या काठात खोचतात आणि मूठ मुद्दाम दिसती ठेवतात. सार्वजनिक जागी पातं बाळगण्याबाबत ब्रिटनमधले कायदे कडक आहेत, पण राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून बाळगलेल्या सुरीला त्यांत सूट मिळते.

पहिल्या महायुद्धातल्या खंदकांनी बूट नाइफला लष्करी साहित्यात आणून बसवलं. अरुंद खंदकात लांब संगीन फिरवायला जागा नसे, त्यामुळे आखूड सुऱ्यांची मागणी वाढली. जर्मन शिपायाच्या पायात उंच नळीचा बूट होता, त्याची सोय आपोआप झाली. ब्रिटिश बाजूला घोट्यापर्यंतचे बूट आणि वर पोटरीला घट्ट गुंडाळलेली कापडी पट्टी. ही पट्टी त्यांनी हिंदुस्थानातूनच उचलली होती. मेसोपोटेमियात लढलेल्या मराठा पलटणींच्या पायातही तेच. घट्ट पट्टीत म्यान शिरत नाही, त्यामुळे त्या सैन्याची सुरी पट्ट्याला लटकली.

दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सुरी हातात घेऊन पाहिली तर तिच्या कर्त्याने बुटाचा किती विचार केला होता ते कळतं. म्यान पोलादी, काळ्या रंगाचं. मागे स्प्रिंगच्या पोलादाची चाप, ती नळीच्या काठावर सरकवली की म्यान जागचं हलत नाही. पण कातड्याच्या टंचाईने १९३९ मध्ये या बुटांच्या नळ्या आखूड केल्या, आणि पुढे तर बऱ्याच शिपायांना घोट्यापर्यंतचे बूट मिळाले. चाप असल्यामुळे तीच सुरी पट्ट्यावर किंवा अंगरख्याच्या काठावर चालून गेली.

ब्रिटिश कमांडोंसाठी फेअरबेर्न आणि साइक्स या अधिकाऱ्यांनी आखलेला खंजीर १९४१ पासून विल्किन्सन स्वोर्ड या कंपनीने बनवायला घेतला. त्याच्या म्यानाला दोन्ही बाजूंना कातड्याच्या छोट्या पट्ट्या होत्या, गणवेशावर हवं तिथे शिवून टाकण्यासाठी. बुटात नळीच नव्हती, तेव्हा हा उपाय. अमेरिकन छत्रीधारी, म्हणजे पॅराशूटने उतरणाऱ्या, सैनिकाचा बूट उंच होता खरा, पण घोटा मुरगळू नये म्हणून वरपर्यंत नाड्यांनी आवळलेला. म्हणून १९४३ मध्ये आलेली एम-थ्री सुरी अनेकांनी बुटाच्या बाहेरून नडगीला बांधली. झाडात दोऱ्या अडकल्या तर त्या कापायला ती लागे.

युद्धानंतर, १९७० च्या दशकात, अमेरिकेत बूट नाइफ नागरी बाजारात जोरात आली. गर्बरसारख्या कंपन्यांनी चपटी, दुधारी पाती आणि चाप लावलेली म्यानं विकली. टेक्सासमध्ये काउबॉय बूट घराघरांत, तरी खंजिराच्या धर्तीचं दुधारी पातं रस्त्यावर बाळगणं तिथे गुन्हाच होतं. ही बंदी १ सप्टेंबर २०१७ पासून उठली, आणि साडेपाच इंचांपेक्षा लांब पात्यांवर काही ठिकाणांपुरती मनाई उरली.

आज दुकानात बूट निवडताना हाच इतिहास कामी येतो. ओढून घालायचा, सैल आणि ताठ नळीचा बूट यासाठी सर्वांत योग्य. नळी मऊ असेल तर ती म्यानाच्या वजनाने लवते आणि मूठ बाहेर झुकते. नाड्यांचा उंच बूट घ्यायचा तर म्यान बाहेरून बांधावं लागतं. ट्रेकिंगचे घोट्यापर्यंतचे बूट या कामाचे नाहीतच. म्यानाचं टोक घोट्याच्या हाडाच्या वर थांबलं पाहिजे, नाहीतर पाच-सहा तासांच्या चालीत तिथली कातडी सोलवटते. धावताना, उडी मारताना सुरी सुटू नये इतकी पकड म्यानात हवी. ती नसेल तर बूट कितीही चांगला असो, ही सुरी पायात ठेवू नये.

महाराष्ट्रात घ्यायची असेल तर कायदा आधी पाहा. घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी नसलेलं आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र नियमांत शस्त्र म्हणून मोजलं जातं. बहुतेक बूट नाइफ याहून बऱ्याच लहान असतात. पण सणासुदीला, निवडणुकीच्या काळात पोलिसांचे मनाई आदेश निघतात आणि त्यांत सुरी बाळगण्यावरच बंदी असते. तेव्हा पात्याची लांबी मोजून सुटका होत नाही.