मुरगाव बंदर

गोव्यातील झुआरी नदीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर, डोंगरकड्याच्या आडोशाला असलेले नैसर्गिक बंदर. वास्को शहर त्याच्या आधारानेच वाढले. संभाजी महाराजांनी 1683 मध्ये गोव्यावर चाल केली, त्यानंतर पोर्तुगीजांनी राजधानी इथे हलवण्याचा घाट घातला. कामे सुरू झाली, पण बेत तडीस गेला नाही.

आधुनिक बंदर रेल्वेबरोबर आले. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर मुरगावहून सह्याद्री चढून कॅसलरॉकला जाणारा मीटरगेज मार्ग बांधला गेला आणि 1888 पर्यंत तो पुरा झाला. धारवाड-हुबळीकडचा कापूस या वाटेने येईल, ही आशा मात्र फारशी फळली नाही. मुंबईने तो व्यापार आपल्याकडेच ठेवला. मुरगावला खरी बरकत आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, लोहखनिजामुळे. जपान हा मोठा गिऱ्हाईक होता. 1955 पासूनच्या भारताच्या आर्थिक नाकेबंदीतही ही निर्यात वाढत राहिली.

खनिजाचा प्रवास पाहिला की बंदराचा पैसा कुठवर झिरपत होता ते कळते. खाणीतून ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर, तिथून बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकेने, मांडवी किंवा झुआरीतून मुरगावला. पावसाळ्यात आग्वादजवळचे मांडवीचे मुख धोक्याचे होते, तेव्हा मांडवीतले बार्ज कुंभारजुवे कालव्यातून झुआरीत उतरत. समुद्रापासून दूर असलेल्या डिचोली-सांग्यातल्या गावांत ट्रकमालक, चालक, गॅरेजवाले आणि खाणावळवाले या बंदरावर जगत. त्यासाठी कर्ज काढून ट्रक घेणारेही पुष्कळ. 1979 मध्ये जहाजात खनिज भरण्याची यांत्रिक व्यवस्था आली. 1964 मध्ये स्थापन झालेल्या मुरगाव पोर्ट ट्रस्टची भिस्त एकाच मालावर इतकी होती, की 2012 मधील खाणबंदीचा आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्याचा फटका धक्क्यापासून खाणपट्ट्यातल्या सावर्डे गावापर्यंत बसला. बार्ज नांगरून पडले.

खनिज ओसरले तसा आयात कोळसा डोळ्यांत भरू लागला. तो प्रामुख्याने कर्नाटकातील पोलाद कारखान्यांसाठी उतरतो. हा तोल गोव्याच्या बाजूचा नाही: माल पलीकडे जातो, धूळ वास्कोतल्या घरांवर बसते. कोळशाच्या विरोधात इथे आंदोलने झाली. हा कोळसा नेणाऱ्या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणालाही, तो मोलेच्या अभयारण्यातून जात असल्यामुळे, विरोध झाला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घाटातील टप्प्याला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.